साडूंनी न्हाणी रंगवली

आमचे मोठे साडू रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाले, याच्याइतकी धादांत खोटी गोष्ट मी आयुष्यात ऐकलेली नाही. कागदोपत्री ते झाले. हार घातला, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, फोटोही निघाला. पण गेटातून एकटे साडू बाहेर पडले नाहीत. त्यांच्या मागोमाग कंपनीही निघाली आणि त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात येऊन राहिली. तेहतीस वर्षं त्यांनी तिथे केमिकलच्या टाक्या आणि पाइप रंगवले होते. कुठल्या पाइपातून काय वाहतं ते रंगावरून कळलं पाहिजे, हा तिथला नियम. निवृत्तीनंतर महिन्याभरात घरातले पाण्याचे पाइप हिरवे झाले, सांडपाण्याचे काळे झाले, आणि प्रत्येकावर पाणी कुठून कुठे जातं ते दाखवणारे पांढरे बाण उमटले. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मी त्यांना ताई म्हणतो. ताई म्हणाल्या, "तीस वर्षं या घरात पाणी भरत्येय मी. आता बाण बघितल्यावर मला कळणार, पाणी टाकीतून खाली येतं म्हणून!"

पण बाणांवर भागेल तर ते साडू कसले! नारळ उतरवायला माणूस आला की ते आधी स्वतः डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवतात आणि दुसरं त्याच्या हातात देतात. तो बिचारा वर झाडावर. त्याच्या डोक्यात नारळ पडणार कुठून? लोणच्याच्या बरणीवर ते तारीख आणि बॅच नंबर घालतात. सत्यनारायणाच्या पूजेला पन्नास माणसं जमली होती, गुरुजींनी पळीपंचपात्र मांडलं होतं, तेवढ्यात साडू उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की चुकून आग लागलीच तर धावपळ न करता मागच्या आंब्याखाली जमायचं आणि एकमेकांना मोजायचं. गुरुजी पूजाभर आंब्याकडे बघत होते.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न जमवण्याचं धाडस मी केलं. मी राहतो पेणला. आमच्या ओळखीत पेणच्याच खाडीकडचं एक चांगलं घर होतं, मुलगा शिकलेला, माणसं साधी. मुलगी कोलाडला शाळेत शिकवते. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि साखरपुडा रोह्याला, मुलीच्या घरी करायचा ठरला. मध्ये साधारण तीन आठवडे होते. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मला काही नको. फक्त त्या बाथरूमच्या टाइल्स बदला."

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या टाइल्स तपकिरी होत्या आणि दर चौथ्या टाइलवर द्राक्षांचा एक घड होता. बोअरच्या पाण्यानं द्राक्षं पांढरी पडली होती आणि फटी काळ्या. मिस्त्री आला, त्यानं हातोडीनं दोनचार ठिकाणी ठोकून बघितलं आणि सगळ्या फोडायला लागतील, वीस-पंचवीस दिवस धरा, असं सांगितलं. साडूंनी त्याला चहा पाजला आणि रवाना केला. "फोडायचं नाय," ते म्हणाले. "टाकीचा रंग गेला म्हणून कोण टाकी मोडतं? वरून रंगवायच्या. आठ दिवस काम, सात दिवस सुकवण. माणसं यायच्या आत न्हाणी नवी."

दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दारावर रेघी कागदावर हातानं लिहिलेलं, कंपनीत लागतं तसं कामाचं परमिट लागलं. काम: टाइल्स रंगवणे. जागा: न्हाणी. धोका: वास, घसरण. त्याखाली ताईंनी पेन्सिलीनं भर घातली: 'मी.'

रविवारी मी मदत करायला म्हणून पेणहून गाडीनं रोह्याला गेलो. मला हेल्मेट, मास्क आणि गॉगल मिळाला. सोड्यानं धुऊन सुकवलेल्या टाइल्स आता पॉलिश पेपरनं घासायच्या होत्या. मी अर्धा तास जीव तोडून घासल्या. साडूंनी बॅटरी तिरपी धरून माझं काम तपासलं आणि दुःखानं मान हलवली. "भाऊ, चमक राहिली. जिथं चमक राहते तिथं रंग पकडत नाय." त्यांनी मला आणखी एक टाइल दिली. तिच्यातही मी नापास झालो. मग मला बाहेर काढून, वास घालवायला लावलेल्या खिडकीखालच्या पंख्यावर नेमण्यात आलं. शेजारचे काका तर प्रायमर बघायला म्हणून आत डोकावले आणि 'पादत्राणे चुकीची' या कारणावरून परत गेले. त्या परीक्षेत एकटी मुलगी पास झाली. तिला दिवाळीची सुट्टी होती. बापलेक सकाळी नऊला आत जात आणि ताई जेवायला हाका मारून दमल्या की बाहेर येत.

मी चार दिवस तिथेच मुक्काम टाकला होता; पंख्याजवळ बसलं की आतलं सगळं ऐकू येई. आधी नुसते हुकूम होते. टेप सरळ लाव, रोलर दाबू नको, हार्डनर मोजून घाल. मग मुलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, मी पहिल्यांदा शाळेत गेले त्या दिवशी तुम्ही कुठे होता हो?"

"फर्स्ट शिफ्ट."

"आणि मी गॅदरिंगला कोळीण झाले होते तेव्हा?"

"तेव्हा शटडाऊन चालू होता. चौदा दिवस घरीच नव्हतो."

"दहावीचा निकाल लागला तेव्हा?"

"सेकंड. पेढा डब्यात आला होता माझ्या." रोलर पुन्हा फिरायला लागला. मग साडू म्हणाले, "सेकंडवरून आलो की तू झोपलेली असायचीस. मी दारात उभा राहून बघायचो."

"मग उठवायचं ना मला."

"शाळा असायची तुझी."

मी पंखा जरा फास्ट केला. काही गोष्टी आपण ऐकायच्या नसतात, एवढं मला कळतं.

आठव्या दिवशी रंगाचा दुसरा हात पूर्ण झाला. द्राक्षं गेली, तपकिरी गेलं, आणि भिंती फिकट आकाशी झाल्या. आता सात दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा नव्हता. साडूंनी दाराला दोरी बांधली. घरादाराच्या आंघोळी शेजारच्या काकांकडे, वेळापत्रकाप्रमाणे, सुरू झाल्या.

सातातले साडेपाच दिवस गेले आणि नवऱ्या मुलाची आई आणि आजी अचानक दारात उभ्या राहिल्या. कोलाडला नातेवाइकांकडे गेल्या होत्या, परतीच्या वाटेवर सुनेला बघून जाऊ म्हणून आल्या. साखरपुड्याच्या सामानाची यादी करायला मी नेमका तिथेच होतो. आजी म्हणाल्या, "हातपाय धुते गो जरा," आणि थेट बाथरूमकडे निघाल्या. साडू दोरीपुढे आडवे उभे राहिले.

"आजी, नाय जाता यायचं. अजून छत्तीस तास हायत."

ताईंनी डोळे मिटले. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. वराकडच्या सगळ्यात थोरल्या माणसाला वधूच्या बापानं न्हाणीच्या दारातून परत फिरवलं, ही बातमी पेणला माझ्या आधी पोचणार होती.

आजींनी कंबरेवर हात ठेवले. "म्हंजे काय रं? पाय कुठं धुवू मी?"

"मागं नळ हाय. मी पाणी काढून देतो. पण इथं नाय. रंग ओला नाय, पण आतून पक्का झालेला नाय. तुम्ही नवऱ्यामुलाच्या आजी हाव म्हणून रंग काय लवकर सुकणार नाय."

आजींनी दोरीवरून मान आत घातली. बराच वेळ बघितलं. मग त्या मुलाच्या आईकडे वळल्या. "बरोबर बोलतो हा. आमच्या मिठागराचा तळ चिखल तुडवून, मळून सुकाया ठेवला ना, की तुझा सासरा मला बी पाय ठेवू देत नसं. एक पाय पडला की सगला मीठ मातीचा." मग मुलीला म्हणाल्या, "कोनी केला गो हा काम?"

"मी आणि बाबांनी."

"दोघांनीच?" आजींनी तिचा हात हातात घेऊन उलटा केला. नखांच्या कडेला आकाशी रंग होता. "कामाची हाय पोर," त्या म्हणाल्या आणि मागच्या नळाकडे चालू लागल्या. साडूंनी धावत जाऊन बादली भरून दिली. मी खुर्चीवर बसलो. पाय धुऊन झाल्यावर आजींनी दोन कप चहा घेतला आणि जाताना साडूंना बजावलं, की छत्तीस म्हंजे छत्तीस, कोणी कितीबी सांगू दे, दोरी सोडायची नाय.

साखरपुडा थाटात झाला. आलेली प्रत्येक बाई बाथरूम बघून गेली. माघात लग्न लागलं आणि मुलगी पेणला सासरी आली. आता ती माझ्याच गावात, मला दर आठवड्याला भेटते.

परवा चैत्रात मी रोह्याला गेलो होतो. हात धुवायला बाथरूममध्ये शिरलो तर नळाखालच्या एका टाइलवरचा रंग तळहाताएवढा सुटला होता. आतून द्राक्षांचा घड डोकावत होता. एवढी संधी मी कशी सोडणार! बाहेर येऊन म्हणालो, "दादा, कंपनीत असतात तर मेमो मिळाला असता तुम्हाला."

ते चिडतील, बॅटरी घेऊन आत धावतील, असं मला वाटलं होतं. ते नुसते हसले.

"बघितलं मी. ती टाइल ओली राहिली होती," ते म्हणाले. "रंगवायच्या आधी कोरडी पुसायला पायजे होती. त्या दिवशी पोरीबरोबर बोलत बसलो आणि राहूनच गेली."

"मग करून टाका की नीट. तुमच्यासाठी अर्ध्या तासाचं काम."

"करू," साडू म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी नळाखालची बादली दोन्ही हातांनी उचलली आणि त्या टाइलला घासणार नाही अशी जरा अलीकडे ठेवली.