पंपाखालच्या दोन पत्र्या

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण आमच्या गावात कोणाचं डिझल इंजन बंद पडलं की लोक आधी माझ्या दारात येत. नुसतं बोलावून भागत नसे, बैलबंडी आणावी लागे. पान्यांची थैली मी कोणाच्या हाती देत नसे, आणि इंजन चालू झाल्याशिवाय त्या घरचा चहा घेत नसे. हा माझा कायदा. गावानं तो वीस-एक वर्षं पाळला.

मग धाकटा भाऊ वणीहून घरी राहायला आला. तिकडं तो कोळशाच्या ट्रकांचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात होता. आठ दिवसांत तीन बंड्या माझ्या दारात आल्या, पण त्याच्यासाठी. "वणीवाले मिस्तरी हायेत काय घरी?" असं मलाच विचारत. त्याला पाना धरायला मी शिकवलं, हे कोणाला आठवत नव्हतं. त्यालाही नाही. माझी घरची त्याच्या चहात साखर जास्त टाकते असं मला वाटू लागलं. एकदा त्याच्या कपातला घोट घेऊन पाहिला. माझ्या चहासारखाच होता. तरी मन मानलं नाही.

त्या वर्षांत कापसाचं सगळीकडं बिघडलं होतं. शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्यांसाठी पेपरवाले जीपा घेऊन गावोगाव फिरत. माझी पऱ्हाटी मात्र उभी होती. पावसानं दडी मारली होती, विहिरीचं एक ओलीत मिळालं असतं तर बोंडं धरली असती. नेमकं इंजन अडलं. इंजनात डिझल फेकणारा जो मुठीएवढा पंप असतो, त्याच्या खालून तेल झिरपे, म्हणून मी तो खोलून, पुसून परत बसवला होता. तेव्हापासून हँडल मारलं की पांढरा धूर निघे, इंजन दोन ठोके देई आणि बसे.

नळी ढिली करून हवा काढली. डिझल गाळून टाकलं. नोझलचा फवारा पाहिला, तो धुक्यासारखा बारीक, चांगला. दोन दिवस असे गेले. घरची वावरात आली आणि गळलेल्या पात्यांची, कपाशीच्या कळ्यांची, ओंजळ तिनं माझ्यापुढं धरली.

"भाऊजीले बोलावू काय?"

"कायले? मी मेलो काय?"

"तुम्ही नाही मेले. पऱ्हाटी मरून राह्यली."

तिनं त्याला आणलंच. त्याच्यामागं शेजारच्या वावरातले दोघं आले, तमाशा पाहायला. भावानं एकदा हँडल मारायला लावलं, धूर पाहिला.

"दादा, डिझल उशिरा पडून राह्यलं. पंप वर उचलला गेला. खाली काय टाकलं तू?"

त्यानं माझ्याच पान्यानं पंप खोलला आणि खालून पुठ्ठा ओढून काढला. सरकीच्या बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा. त्या साली अशी खोकी घरोघर पडली होती, मी त्यातूनच जाड पॅकिंग कापलं होतं. तेलानं भिजलं तरी त्यावरचं फुटलेल्या बोंडाचं चित्र साफ दिसत होतं.

"दादानं तं इंजनात कापूस पेरला," भाऊ म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते दोघं हसले, आणि घरचीही पदराआड हसली.

"पहिल्या पत्र्या कोठी हायेत? कागदावानी पातळ, दोन असतीन."

त्या बिनकामाच्या समजून मी तंबाखूच्या डबीत टाकल्या होत्या. डबी माझ्या खिशात होती.

"हारपल्या," मी म्हणालो.

त्या हसणाऱ्यांसमोर त्याच्या हातानं इंजन चालू झालेलं मला पाहवलं नसतं. तिकडं पाती गळत होती, तरी नाही.

"कळंबले भेटतीन. आणतो," म्हणून तो त्या दोघांतल्या एकाची मोटरसायकल घेऊन गेला. ते दोघं आपल्या कामाला लागले, घरची पऱ्हाटीकडं गेली. मी डबी उघडली. पत्र्या पुसून जागेवर ठेवल्या, पंप कसला, हवा काढली. दुसऱ्या हँडलला इंजन लागलं.

भाऊ उन्हातून आला तेव्हा पाणी पऱ्हाटीच्या सहाव्या तासात, सहाव्या सरीत, शिरलं होतं.

"ह्यायनंच चालू केलं," घरची म्हणाली.

त्यानं पंपाकडं पाहिलं. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, माझ्याजवळ बसला.

"दादा, तंबाखू दे."

मागितल्यावर नाही म्हणता येत नाही. त्यानं डबी उघडून नाकाशी नेली.

"तुह्या तंबाखूले डिझलचा वास येऊन राह्यला," तो हळूच म्हणाला. मग खिशातून नव्या दोन पत्र्या काढून डबीत ठेवल्या आणि झाकण लावलं. "राहू दे. पुढच्या बारीले लागतीन."

गावभर होईल म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. त्यानं कोणालाच सांगितलं नाही. उलट पारावर म्हणाला, "इंजन दादानंच चालू केलं, मी कळंबले फुकट गेलतो." लोक पुन्हा माझ्याकडं बंडी आणू लागले. मी थैली घेऊन जात असे. पण असं बोलायला जेवढं मन लागतं तेवढं त्याच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं, हे मला त्याच्या मिस्तरीपणापेक्षा जास्त खुपलं. अजूनही खुपतं.