साडूंचा चाकू आणि नवरदेवाचं लिंबू

वर्धा जिल्ह्यात माझ्या मोठ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतके चाकू बाळगणाराही दुसरा सापडायचा नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर हा गृहस्थ खाली उतरून सायकल उचलून पलीकडे नेतो. पण पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरचं बैठकीतलं कपाट उघडलं, की आत हिरव्या कापडावर ओळीने चाकू निजलेले असतात. सगळे घडीचे, खिशात मावणारे, जुने, आणि सगळेच्या सगळे अमेरिकेत बनलेले. जर्मनीचा त्यांना चालत नाही, इंग्लंडचा चालत नाही, आणि आपल्याकडचा तर फक्त भाजीला. "भाऊ, अमेरिकेचेच काऊन?" असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, तुमी लग्न केलं तं एकीशीच केलं ना? तिच्यावानी दुसऱ्या नव्हत्या काय गावात?" आमची ही शेजारीच बसलेली असल्यामुळे मी तो विषय तिथेच सोडला.

भाऊंनी उभी हयात हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात घालवली. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा केवढा निघतो ते बघून भाव ठरवायला मदत करायची, हे त्यांचं काम. तिथेच यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका जुनाट पेटीत त्यांना एक गंजका चाकू मिळाला. पात्याच्या मुळाशी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत, अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. त्या गावाचा शोध घेता घेता भाऊ जे वाहवत गेले ते आजतागायत परत आलेले नाहीत. हिंगणघाटपासून नागपूरपर्यंतचे भंगारवाले त्यांना नावाने ओळखतात. ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, एक भाचा अमेरिकेत असतो. तो गावी यायचा झाला की त्याची आई त्याला तब्येत विचारते आणि भाऊ त्याला जुन्या बाजारांचे पत्ते विचारतात. सेवाग्रामला उतरलेल्या परदेशी पाहुण्यांनाही त्यांनी सोडलेलं नाही. शांतीच्या शोधात सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंना भाऊंनी रस्त्यात नमस्कार घातला आणि आपल्या जिनिंगच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, युवर ग्रँडफादर, पॉकेट नाइफ, हाये का?" मी सोबत होतो. बाई हसल्या म्हणून निभावलं, नाहीतर मला शाळेत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मिळवलेला चाकू एकट्याने बघण्यात त्यांना काडीचा रस नाही. तो दाखवला पाहिजे. दर रविवारी सकाळी व्हरांड्यातल्या दिवाणावर टॉवेल पसरला जातो आणि त्यावर त्या आठवड्याचा नवा पाहुणा विराजमान होतो. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर गट आहे. त्यात आम्ही सगळे नातेवाईक आमच्या इच्छेविरुद्ध आहोत. फोटो पाठवला, की पाठोपाठ भाऊंचा फोन येतो, "पाह्यला का?" पाहिला म्हटलं की पुढचा प्रश्न, "मंग मुठीचं हाडूक कसं वाटलं?" म्हणजे खरोखर पाहावा लागतो. समोर असलात तर ते तुम्हाला डोळे मिटायला लावतात आणि चाकू कानाशी नेऊन उघडून मिटतात. "आइका. टक् म्हणते का नाई? ज्याची कमान, म्हंजे आतली स्प्रिंग, जित्ती हाये तोच असा बोलते." माझ्या कानांना सगळे चाकू सारखेच बोलतात, पण मी मान डोलवतो. त्यांची मुलगी वैशू मात्र लहानपणापासून डोळे मिटून आवाजावरून चाकू ओळखायची. नवीन चाकू घरात आला की तो पहिल्यांदा तिलाच दाखवायचा, हा त्यांचा नेम होता.

नियमही फार. पातं घासून चकचकीत करायचं नाही, कारण काळवंडणं हे त्याचं वय. आणि लिंबू, चिंच, कैरी पात्याच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही, कारण जुन्या पोलादावर आंबटाचा डाग पडला की जन्मात जात नाही. ताईंनी एकदा घाईत त्यांतल्या एका चाकूने कैरी चिरली, तर भाऊ घरात सुतक असल्यासारखे वावरले आणि पन्हं प्यायले नाहीत. ताईंचा नियम एकच होता. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं. जमिनीवर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. भाऊ याला खुळचटपणा म्हणत आणि मुद्दाम हातातच देत. "इतकी वर्षं हातात देऊन राह्यलो, झालं का भांडण?" असं ते विचारत, आणि यावरून दोघांचं भांडण होई.

पण त्यांचा सगळ्यांत मोठा दोष म्हणजे चाकूच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही. एरवी जेवण बिघडलं तरी छान म्हणतील, पण कोणी चाकू पुढे केला की जिभेवर ताबा नाही. वैशूला बघायला पहिले पाहुणे आले तेव्हा भाऊंनी पोह्यांच्या बशा सरकवून मध्ये टॉवेल पसरला. मुलाची आई पुढचा पूर्ण वेळ दारापाशी बसून होती. त्यांचा निरोप आला, की पोरगी चांगली आहे पण घर जरा धाकाचं वाटलं. दुसरे पाहुणे नागपूरचे. मुलाच्या मामांनी स्वतःच खिशातून चाकू काढला आणि खास अमेरिकेहून आणवलाय म्हणून मोठ्या तोऱ्याने भाऊंच्या हाती दिला. भाऊंनी भिंग लावलं, एकदा उघडमीट केली आणि म्हणाले, "कोणीतरी फसवलं तुमाले. पत्रा हाये हा. काकडीले दाखवला तं काकडी हासन." त्या मामांनी पोहे अर्धे टाकले. वैशूला मुलगा आवडला होता. तिने दोन दिवस बापाशी बोलणं टाकलं. हे भाऊंना फार लागलं.

म्हणून आंजीच्या पाहुण्यांची बोलणी सुरू झाली तेव्हा ताईंनी कपाटाला कुलूप घातलं आणि भाऊंकडून वैशूची शपथ घेतली, की लग्न लागेपर्यंत चाकू दाखवायचा नाही आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घर चांगलं होतं. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून वर्ध्याच्या बाजारात आणणारी माणसं, थोडा कापूसही असायचा. मुलगा शांत होता, आणि मुख्य म्हणजे तो वैशूला आवडला होता. हेही मोडलं असतं तर ती बापाला काय म्हणाली असती, या विचाराने भाऊंची झोप उडाली होती. ते शपथ पाळत होते, पण ते पाळणं बघवत नव्हतं. साखरपुड्यात कोणी सफरचंद कापायला घेतलं तेव्हा हे उठून बाहेर गेले.

आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांना घबाड मिळालं. भाच्याने तिकडून आणलेला, कापसाचा चाकू. तिकडे कापसाच्या गाठी विकत घेणारे लोक गाठीला चीर देऊन आतली रुई बघायचे, त्यासाठी हा वेगळा घडत. पातं रुंद, पुढे टोकदार. जन्मभर ज्याने कापूस पारखला त्याला हा चाकू म्हणजे काय असेल ते मी सांगायला नको. वर्षानुवर्षं त्यांनी फक्त त्याचे फोटो बघितले होते. आणि आता तो हातात होता, पण सांगायची सोय नव्हती, वैशूलासुद्धा नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात त्यांनी मला दंडाला धरून भटारखान्यामागे नेलं. मला वाटलं काहीतरी बिनसलं. त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे बघितलं, कोटाच्या आतल्या खिशातून तो काढला आणि माझ्या कानाशी मिटवला. "मास्तर, कोणाले सांगू नका," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान डोलवली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या टक् मध्ये काहीतरी ऐकू आलं.

लग्नाची वेळ जवळ आली आणि जानोशात, म्हणजे वरपक्षाच्या खोल्यांत, एकदम कालवा झाला. आमच्याकडे हळद लागल्यापासून मांडवात उभं राहीपर्यंत नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू टोचलेली. बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. आंजीला त्यांच्या भावकीत मिळून एकच जुनी कट्यार, ज्या घरी लग्न त्या घरी ती जाते. त्या दिवशी भावकीत दोन लग्नं निघाली होती. नवरदेव आंघोळीला गेला, कट्यार खाटेवर ठेवली, आणि त्याच्या काकांना वाटलं की आपलं काम झालं. दुसरा नवरदेव खोळंबू नये म्हणून त्यांनी ती मोटारसायकलवरून हिंगणघाटला पाठवूनही दिली. नवरदेवाची आजी दारात बसली आणि उठेचना. "हळद लागलेलं पोरगं खाली हातानं मांडवात? मी जित्ती असतानी? नाई म्हंजे नाई!" कोणीतरी भटारखान्यातला सुरा आणला. आजी म्हणाली, "कांद्याचा सुरा नवरदेवाले? तुमाले अक्कल हाये का?" भटजी घड्याळ दाखवू लागले. वरपक्षाचे दोघेजण आपसात बोलले, की हे लक्षण काही चांगलं नाही. ते नेमकं ताईंनी ऐकलं.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांचा हात कोटावर होता. काढावा तर शपथ मोडते, न काढावा तर लग्न अडतं, आणि काढला की त्याला लिंबू लागणार. मग त्यांनी चाकू काढला. ताईंच्या तोंडून "अवो, वैशूचे बाबा!" एवढंच निघालं. भाऊंनी पातं उघडलं, आजीसमोर धरलं आणि म्हणाले, "मावशी, कापसाचा हाये. कांदा नाई लागला याले कधी." आजीने तो उलटसुलट बघितला, कापूस म्हटल्यावर तिचा चेहरा निवळला आणि ती म्हणाली, "मंग लिंबू आना."

लिंबू भाऊंनी स्वतः टोचलं. रसाचा थेंब पात्यावरून ओघळला तो मी बघितला, त्यांनीही बघितला. नवरदेवाने हात पुढे केला. तेव्हा जन्मभर चाकू मुद्दाम हातात देणारा हा माणूस, गुडघे दुखत असताना, हळूहळू खाली वाकला आणि त्याने तो चाकू फरशीवर ठेवला. जवायाने वाकून उचलला. ताई पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. बाहेर वाजंत्री सुरू झाली, आणि मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी त्या दिवशी जिलब्या किती खाल्ल्या ते आमच्या हिने अजून विसरू दिलेलं नाही.

चाकू नवरदेवाबरोबर आंजीला गेला. जवायाला दिलेलं परत मागायचं नसतं, त्यामुळे भाऊंनी मागितला नाही. पण त्यानंतर रविवारचा टॉवेल पसरला गेला नाही आणि गटावर फोटो येईना. इतकी वर्षं ज्या फोनला मी कंटाळलो होतो, त्याची वाट बघू लागलो. एकदा मीच मुद्दाम विचारलं, "भाऊ, नवीन काय?" तर म्हणाले, "दाखवू कोणाले? आवाज आइकणारी तं गेली." यावर मला वाईट वाटलं. माझेही कान होते, पण ते त्या कामाचे नव्हते हे दोघांनाही माहीत होतं.

दिवाळसणाला वैशू आणि जवाई आले. आम्हीही गेलो होतो. फराळ झाल्यावर जवायाने पेरू कापायला खिशातून तो चाकू काढला. पातं निळसर काळं पडलेलं, आणि टोकापाशी लिंबाचा डाग, तुळशीच्या पानाएवढा. भाऊंनी तो मागून घेतला आणि बराच वेळ त्या डागावर अंगठा फिरवला. "शेतात सांभार याच्यानंच कापतो मामाजी," जवाई जरा घाबरून म्हणाला. "घासून काढू का डाग?" भाऊ म्हणाले, "बिलकुल नाई. राहू द्या." आणि चाकू खाली ठेवला.

मग जवायाने दुसऱ्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "वैशू म्हणे तुमी दाखवणं सोडलं. म्हणून म्या आणला. बाजारात भेटला. अमेरिकेचा हाये म्हणे." मला लांबूनच दिसलं, की तो पत्रा आहे. मुठीवर गरुड छापलेला होता आणि त्याचा मुलामा निघाला होता. ताईंचा हात चिवड्याच्या डब्यात थबकला. वैशू बापाच्या तोंडाकडे बघत होती. नागपूरचे मामा आम्हा सगळ्यांना एकदम आठवले. भाऊंनी चष्मा काढला, भिंग लावलं, पात्याच्या मुळाशी बघितलं. मग चाकू कानाशी नेऊन उघडला आणि मिटला. तो पावडरच्या डब्याच्या झाकणासारखा वाजला. पुन्हा एकदा मिटला.

"आवाज चांगला हाये," भाऊ म्हणाले. "अमेरिकेचाच हाये."

ताईंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. वैशूला आवाज समजतात, तिने मान खाली घातली आणि ती हसली, आणि मग तिला उगाच पाणी आणायला आत जावं लागलं. भाऊंनी कपाट उघडलं. हिरव्या कापडावर पहिल्या ओळीत, कापसाच्या चाकूसाठी त्यांनी जागा मोकळी ठेवली होती. तिथे त्यांनी तो गरुड ठेवला.

संध्याकाळी घरी पोचलो तर फोन वाजला. गटावर कितीतरी महिन्यांनी फोटो आला होता. एरवी फोटोखाली कारखाना, काळ, मुठीचं हाडूक, सगळं सविस्तर असतं. या वेळी तसं काहीच नव्हतं. फक्त लिहिलं होतं, "नवीन. जवायानं आणला." पाठोपाठ भाऊंचा फोन आला, "पाह्यला का?"

"पाह्यला भाऊ," मी म्हणालो. "लय चांगला हाये."