पन्हाळ्याच्या चढावर इटलीची मोटार

महाराजांच्या राज्यात तेव्हा मोटारी मोजक्याच. त्यांतली एक इटलीची, शर्यतीची, दोनच माणसं बसतील अशी. एका सरदारांनी ती हौसेनं आणली होती आणि तिच्याबरोबर तिथल्या कारखान्यातला मिस्त्रीही आला होता. मी दवाखान्यात नर्स होते. एका दुपारी ती मोटार दारात येऊन थांबली आणि मिस्त्रीशेजारी बसलेल्या कारभाऱ्यानं खाली उडी मारली.

"बाई, पन्हाळ्यावर आमच्या सरदारांच्या ताईसाहेब अडल्यात. सुईण म्हणती, मूल पायाळू हाय. डॉक्टरीणबाई कुठं हायत?"

"कागलला गेल्यात. आज येत न्हाईत."

"मग तुमीच चला की!"

पायाळू मूल मी एकटीनं कधी सोडवलं नव्हतं. कारभारी मागं राहिला, मी पिशवी छातीशी धरून त्याच्या जागी बसले. गाव मागं पडलं तसा वारा तोंडावर आपटू लागला.

"साहेब, जरा हळू!" मी ओरडले.

माझी भीती घालवायला असेल, मिस्त्री मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत बोलू लागला. इटलीतला त्याच्या कारखान्याचा मालक आधी सायकली दुरुस्त करायचा. मग त्यानं सायकलीला इंजिन जोडलं, मग मोटार केली. लोक हसले, तेव्हा तो स्वतःच डोंगरातल्या शर्यतीत उतरला आणि पहिला आला. त्यावर कारखाना उभा राहिला.

"और अब?" मी विचारलं.

"अब लढाई. गाडी बंद. हवाई जहाज का इंजन बनाता."

त्याचा भाऊ तिकडंच लढाईवर होता. खबर नव्हती.

घाटात निम्म्यावर इंजिन तापलं. वाफ फुसफुसायला लागली.

"ठहरो. अभी पानी डाला तो फटेगा."

मी रस्त्यात येरझारा घालत राहिले. मूल गुदमरलं तर? आईच गेली तर? अखेर इंजिन निवल्यावर त्यानं ओहोळातून टोपीत पाणी आणून ओतलं आणि गाडी गुरगुरली.

पोचलो तेव्हा ताईसाहेबांचे ओठ पांढरे पडले होते. मुलाचे पाय आले, धड आलं, डोकं अडलं. डॉक्टरीणबाई हात कसा घालायच्या ते आठवलं आणि तसंच केलं. मुलगी निळी पडली होती. पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ती रडली, ताईसाहेबांनी डोळे उघडले, तेव्हा मी भिंतीला टेकून खालीच बसले.

मिस्त्री दारातून विचारत होता, "रोता है? रोता है?"

पुढं त्यालाही लढाईचं बोलावणं आलं. लढाई संपल्यावर कळलं, तो कारखाना दुसऱ्याच कुणी घेतला आणि शर्यतीच्या गाड्या करणं सोडून दिलं. मिस्त्री वाचला का, हे मी सरदारांकडे पुन्हापुन्हा विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.