गुणाजीचं उलटं चालणं

गुणाजी परबाला भूत लागलंय, अशी भांडुपच्या आमच्या चाळीत कुजबुज होती. पंच्याऐंशी सालचा श्रावण. भुताचे पाय उलटे असतात हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. हा तर अख्खाच उलटा चालत होता. जिना उतरताना तोंड वरच्या माळ्याकडे, पाठ गल्लीकडे, आणि घशातून असं कण्हणं की जणू आत दुसरंच कुणी बसलंय.

"अगो सुगंधा, तुझो घोव उलटो चालता!" शेजारच्या प्रेमाने त्याच्या बायकोला बातमी दिली. संध्याकाळपर्यंत भुताला नाव-गावही मिळालं.

गिरणी सुटल्यापासून गुणाजी एका कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसून पहारा करायचा. पोट सुटलं, पण दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थरात उभं राहायचा मान काही सुटत नव्हता. यंदा मंडळाच्या मधुकरने तोंडावर सांगितलं, "काका, मांड्यांत दम नसेल तर खाली उभे राहू नका. रविवारी सरावाला बघतो."

त्यानंतर एक दिवस गेला आणि हे उलटं चालणं सुरू झालं. खरं कारण मधुकरला कळलं असतं तर मान गेलाच असता. म्हणून भुताची कुजबुज कानावर आल्यावर गुणाजीने नाही म्हटलं नाही. डोळे तेवढे मोठे केले, लबाडाने!

रविवारी तो तळाला उभा राहिला, तर वर चढायला एकही पोरगा तयार होईना.

"भुताच्या खांद्यावर कोण चढणार यार? वाट लागेल!" दशरथ म्हणाला.

म्हाताऱ्या धोंडिरामने तर भूत उतरावं म्हणून नारळ धरून देवाला गाऱ्हाणंच घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली.

"काका, तुम्ही बाजूलाच व्हा," मधुकर म्हणाला.

तेव्हा सुगंधा पदर खोचून पुढे आली. "भुताक दुसरा झाड गावला नाय? खरा काय ता सांगा, नायतर बसा बायकांत हंडी बघत!"

गुणाजीने मान खाली घालून सांगितलं. मधुकर हसून हसून खाली बसला. "अहो काका, आधी अंग गरम करायचं, रोज थोड्या मारायच्या, हळूहळू वाढवायच्या! आता दोन दिवस नुसतं सावकाश चाला, आपोआप उतरेल. जागा तुमचीच."

हंडीला गुणाजी तळाला होता, आणि त्याच्या खांद्यावर दशरथ.

भूतबित काही नव्हतं. खुर्चीत बसणाऱ्या माणसाने वर्षभराच्या बैठका एका सकाळी मारल्या होत्या, आणि त्याच्या मांड्या दुखत होत्या.