वापर आणि फळ

थोरल्या चुलत्याच्या मुलाला, दादाला, घरच्यांनी मुंबईला वकिली शिकवली आणि माझ्या हातात मिठागरावरचं फावडं दिलं. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, जायचाही नाही. पुढे मी ट्रक घेतले. भाव कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नाही.

रेवदंड्याची नारळाची वाडी आजोबांनी थोरल्या घराला, म्हणजे दादाच्या घराला दिली. माझे वडील आधीच गेलेले, म्हणून चार माणसांसमोर ठरलं की आई आहे तोवर नारळ तिचे. मागच्या महिन्यात दादा एका रिसॉर्टवाल्याला घेऊन आला. झाडं तोडून खोल्या बांधायच्या होत्या.

मी भडकलो. दादा थंडपणे म्हणाला, "ओरडू नकोस. काकूला नुसता युजुफ्रक्ट आहे. तुला कळायचा नाही तो शब्द."

"उद्या ये. तोवर कळतो का बघतो."

मी अलिबागला वाचनालयात गेलो आणि जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढायला लावला. शब्द लॅटिन निघाला, दोन शब्द सांधलेला. उसुस म्हणजे वापर, फ्रुक्टुस म्हणजे फळ. मग कायद्याचं पुस्तक मागितलं. रोमन लोकांत ही सोय बरेचदा विधवेसाठी करत. जमीन वारसाची, उत्पन्न तिचं. तिने मूळ वस्तू मोडायची नाही, आणि ती जिवंत असेतो मालकाने तिच्या फळाच्या आड यायचं नाही. मी तिथेच मोठ्याने हसलो. लोक वळून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवाल्यासमोरच मी दादाला सगळं ऐकवलं.

"ती रोमची गोष्ट झाली," दादा म्हणाला.

"मग रोमचा शब्द इथे आणला कुणी? मी?"

रिसॉर्टवाल्याने दादाकडे बघितलं. "साहेब, मला वादातली जागा नको," म्हणाला आणि गाडीत बसला.

आईने ओट्यावरून विचारलं, "कोन गेला रं?"

"गिऱ्हाईक."

"मंग गड्याला वर चढाया सांग. नारळ तयार हायत."

नारळ धपाधप पडू लागले. दादा अजून फाटकातच उभा. आईने त्यातले दोन चांगले निवडले आणि त्याच्या हातात दिले. "सुनेला दे."

"आई, भाव तरी लाव!" मी ओरडलो.

"गप र्‍हा. माझे हायत."

दादाने नारळ घेतले. आईच्या जागी मी असतो तर करवंटीही दिली नसती.