चपलेच्या तळाचे ठसे

रबरी चप्पल पायात घालण्यासाठी नसतेच, असे मानणारा माणूस जगात एकच असावा, आणि ते माझे मोठे साडू आहेत. मनमाडला रेल्वेतून निवृत्त होऊन ते नाशिकला सिडकोत राहायला आले आणि ठसे कोरू लागले. आधी बटाट्यावर. बटाटा संध्याकाळपर्यंत सुरकुततो, म्हणून ते चपलेकडे वळले. तळावर बॉलपेनने चित्र काढायचे, भोवतीचे रबर ब्लेडने उतरवायचे, मागे मूठ म्हणून बाटलीचे झाकण चिकटवायचे. साबणाच्या डबीत रंगाने भिजलेला स्पंज, हा त्यांचा पॅड. आहेराची पाकिटे, उशांचे अभ्रे, वाण्याची यादी, काहीच यातून सुटले नाही. नवी चप्पल त्यांना चालत नाही. "माणसानं चालून मऊ केलेलं रबरच ब्लेडला वळतं," असे ते सांगतात. त्यामुळे आल्यागेल्याच्या चेहऱ्याआधी ते त्याचे पाय बघतात. "पाहुणे, तळ झकास आहे हो," हे त्यांनी माझे केलेले एकमेव कौतुक. सायखेड्याचा त्यांचा भाचा एकदा जेवून उठला, तर दारात एकच चप्पल. दुसरीवर द्राक्षाचा घड अर्धा कोरून झाला होता. "मामा, ही पण घ्या आता. एकटी नेऊन मी काय करू?" तो म्हणाला. साडूंनी ती खरोखरच घेतली आणि त्याला स्वतःचे बूट देऊन पाठवले.

कोरलेला ठसा मात्र ते कुणालाही देत नाहीत. नातवंडांनी हवा तितका उमटवावा आणि जागेवर ठेवावा.

माझ्या मेव्हणीची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, नजर गेली दोन वर्षे कमी होत आहे. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तिला भीती एकच, स्वयंपाकघर हातचे जाण्याची. स्वयंपाक करताना ती कधी चाखून बघत नाही. नैवेद्याआधी उष्टे करायचे नाही, हा तिच्या माहेरचा नियम. एका आठवड्यात चहात मीठ आणि वरणात पिठीसाखर गेली, तेव्हा ती बाहेर येऊन बसली. "अहो, उद्यापासून बाहेरून डबा लावा," एवढेच म्हणाली.

साडूंनी डबा लावला नाही. त्यांनी मिरची, ऊस, हळकुंड असे मोठे ठसे कोरले, काळ्याभोर रंगात उमटवले आणि ते कागद डब्यांवर चिकटवले. "कागद दिसतोय. वरचं काही नाही," ती म्हणाली. त्यांनी रंग आणखी गडद केला. तरीही नाही. मग टेबल पुसताना एक ठसा तिच्या हाताला लागला आणि बोट त्यावर थांबले. "ही मिरची ना? देठ लागतोय बघा."

त्या दुपारी त्यांनी सगळे ठसे मुठीपासून सोडवले आणि उठाव वर ठेवून डब्यांच्या झाकणांवर कायमचे चिकटवले. ते आता कागदावर उमटणार नाहीत. मेव्हणीने एकेक तपासून घेतला आणि एक परत केला. "हा ऊस आहे की बांबू? पुन्हा कोरा."

गेल्या रविवारी मी गेलो, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत रिकाम्या हातांनी बसले होते. आत एक झाकण उघडले, लगेच बंद झाले, मग दुसरे उघडले. मी उठू लागलो. "बसा हो पाहुणे," ते हळूच म्हणाले, "सापडेल तिला."