चंद्रीचा हुलिया

आमच्या म्हशीचं पोट साडेतीन हात लांब आणि दोन्ही टोकांना सारखंच गोल होतं, असं मी सरकारला लेखी कळवलेलं आहे.

ही गोष्ट निजामाच्या अंमलातली. तेव्हा मुरुम गावात आमच्या पुढच्या खोलीत कादर मास्तर नावाचे चित्रकलेचे शिक्षक भाड्यानं राहत. एकदा मी त्यांना म्हणालो, "मास्तर, मला साधी रेघसुद्धा सरळ येत नाही."

"रेघ छोडो, साब! दुनिया में चारीच चीजां हैं. गोळा, नळा, खोका और शंकू. हत्ती बनाओ नै तो आदमी बनाओ, इनकोच जोडना!"

मला हे एकदम पटलं. चित्र काढायला प्रतिभा वगैरे लागत असेल अशी माझी समजूत होती. हे तर मोजमापाचं काम निघालं! वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पाटी घेऊन बसलो. तीन आठवड्यांत धड झालं (नळा), डोकं झालं (खोका), पाय झाले (बारीक नळे) आणि शिंगं झाली (शंकू). कान पुढच्या आठवड्यात होते.

घरात मोजण्याजोगं जनावर एकच, चंद्री म्हैस. बायकोला ती माहेरहून मिळालेली, त्यामुळे घरात तिचा मान माझ्याहून एक पायरी वरचा. मी कागद-पेन्सिल घेऊन गोठ्यात गेलो, तर चंद्री माझ्याकडे पाठ करून उभी. त्या बाजूनं चित्र काढायचं म्हणजे नुसतं एक वर्तुळ. ती आडवी उभी राहावी म्हणून मी दावं सोडलं आणि मोजायची दोरी आणायला घरात गेलो. परत आलो तेव्हा दोरी होती, कागद होता, पेन्सिल होती. म्हैस नव्हती.

संध्याकाळी कळलं, की ती कुणाच्या तरी उभ्या ज्वारीत शिरली आणि शेतवाल्यानं तिला थेट कोंडवाड्यात घातलं.

"आवं, पर तिला सोडली कुणी?" बायकोनं विचारलं.

"चित्रासाठी."

"कशासाठी?"

मी कोंडवाड्याचे नियम विचारायला बाहेर पडलो.

कोंडवाड्याचा नियम असा, की मालकानं जनावराचा हुलिया, म्हणजे वर्णन, लिहून द्यायचं. जनावर त्याच्याशी जुळलं तरच सुटका. बाजाराच्या दिवसापर्यंत सुटलं नाही, तर लिलाव. बाजार परवावर आलेला. बाकीचे लोक 'म्हैस काळी, शेपूट लांब' एवढ्यावर भागवत. मी म्हटलं, मोघम कशाला लिहायचं? अर्जाला मी अंदाजानं घातलेल्या मापांसकट चित्रच जोडलं. खाली प्रामाणिकपणे टीपही दिली : 'कान अद्याप शिकलेलो नाही, सबब काढलेले नाहीत.'

कोंडवाड्याच्या मुन्शींनी अर्ज रजिस्टरात चढवला, शिक्का मारला आणि मग चित्र पाहिलं.

"जनाब, हे काय हाय?"

"म्हैस."

"हिला पाय दोनच?"

"बरोबर बाजूनं पाहिलं की दोनच दिसतात. बाकीचे दोन मागं आहेत."

मुन्शींनी कागद उलटून पाहिला. मागं कोरं होतं.

"आन् शिंगं अशी सरळ वर?"

"शंकू वाकत नाही, मुन्शीजी."

मुन्शी कागद घेऊन आत गेले. चंद्रीला एक प्रदक्षिणा घातली, परत आले. "माफ करा जनाब. आत जे जनावर हाय त्याला चार पाय, दोन कान, शिंगं वाकडी. कागदाशी काहीच जुळत न्हाय."

"मग मी दुसरा हुलिया लिहून देतो!"

"दाखल झालेला हुलिया बदलता येत न्हाय. पहिला झूटा, दुसरा सच्चा, हे आमी कसं ठरवायचं?"

तेवढ्यात आतून चंद्रीनं मला पाहिलं आणि ती रेकली. मी म्हटलं, "बघा, ओळखलं!"

"रेकणं कागदात न्हाय," मुन्शी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायको डोक्यावर पदर घेऊन स्वतः गेली. मी मागून, चार पावलं अंतर ठेवून. तिनं दारातूनच सांगितलं, "दादा, माझ्या नावानं नवा हुलिया लिहून घ्या. डाव्या कानाला चीर हाय. शेपटीचा गोंडा अर्धा. आन् बाईमाणसाला काय करत न्हाय, पर गडीमाणूस डाव्या अंगाला गेला की लाथ झाडतीया."

मुन्शी कर्तव्याला चुकणारे नव्हते. त्यांनी कान पाहिला, गोंडा पाहिला, आणि डाव्या अंगाला गेले.

"हुलिया दुरुस्त हाय," ते शेणातून उठत म्हणाले.

म्हैस बायकोच्या नावावर सुटली. वाटेत दोघींपैकी कुणीही माझ्याशी बोललं नाही.

पण माझा अर्ज रजिस्टरात तसाच उघडा राहिला. सरकारच्या दृष्टीनं माझं आणखी एक जनावर बेपत्ता होतं, आणि त्याचं चित्र कोंडवाड्याच्या दारावर डकवलेलं होतं. आठवड्यानं निरोप आला : 'जनाब, तुमची म्हैस सापडली.'

मी गेलो. दारात अणदूरचा एक माणूस मुन्शींशी तावातावानं भांडत होता आणि आत एक गाढव शांतपणे उभं होतं.

मुन्शी अभिमानानं म्हणाले, "बघा! लांब गोल पोट, खोक्यासारखं तोंड, डोक्यावर हे दोन सरळ शंकू. तंतोतंत!"

"आवं, ते कान हायती त्याचे!" अणदूरकर ओरडला. मग माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले. "मालक, तसबीर लई हुबेहूब काढलीया, माझं काय म्हननं न्हाय. पर गाढव माझं हाय! बाजारात हरवलं हुतं."

"पाय दोनच दिसतात, त्याचं काय?" मी विचारलं. (मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.)

"एका अंगानं बघितलं की दोनच दिसनार की!"

इतका समजदार माणूस मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही भेटला नाही. मी ताबडतोब लिहून दिलं, 'सदर जनावर माझे नाही', आणि खाली सही केली. आयुष्यात मला एकच चित्र हुबेहूब जमलं, आणि ज्याचं जमलं ते जनावर काढताना मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं!